पुराचं गणित, गावासोबत

इंग्लंडमधल्या नॉर्थ यॉर्कशायरच्या पिकरिंग गावातून एक मोठा ओढा वाहतो. १९९९, २०००, २००२ आणि २००७ असा चार वेळा त्याचा पूर गावात शिरला. पूरभिंत बांधायचा प्रस्ताव सरकारी खर्च-लाभाच्या हिशेबात बसला नाही. गावकरी वैतागले होते, आणि ते साहजिकच होतं.

२००७ मध्येच ऑक्सफर्डच्या सारा व्हॉटमोर आणि तेव्हा डरॅम विद्यापीठात असलेले स्टुअर्ट लेन यांच्या चमूने इथे एक अभ्यासगट सुरू केला. शास्त्रज्ञ आणि गावकरी वर्षभर एकत्र बसले. पुराच्या संगणकीय मॉडेलला कोणता प्रश्न विचारायचा, हेही दोघांनी मिळून ठरवलं.

प्रश्न निघाला तो असा: पाणी गावात अडवण्यापेक्षा वरच्या अंगालाच थोपवलं तर? वरच्या बाजूच्या अनेक छोट्या बांधांचा एकत्र परिणाम नेहमीच्या मॉडेलांत नीट मांडता येत नव्हता. म्हणून गटाने नवं, साधं मॉडेल रचलं. त्याचं नाव ‘बंड मॉडेल’; इंग्रजीत ‘बंड’ म्हणजे मातीचा बांध. हा ‘बंड’ शब्द इंग्रजीत गेला तो हिंदुस्थानातूनच. आपला बांध त्याचाच भाऊबंद.

समजा, ओढ्यावर मातीचा आडवा बांध घातला आणि तळाशी मोरी ठेवली. रोजचं पाणी मोरीतून निघून जातं. धो धो पाऊस झाला की मोरीला झेपेल तेवढंच पुढे जातं, उरलेलं मागे तुंबतं आणि नंतर सावकाश ओसरतं. मॉडेल सतत हाच जमाखर्च मांडतं: आलं किती, गेलं किती, साठलं किती. मात्र बांधाची जागा चुकली, तर एका फाट्याचं अडवलेलं पाणी नेमकं दुसऱ्या फाट्याच्या लोंढ्याबरोबर गावात पोचेल आणि पूर उलट वाढेल. मला या मॉडेलचा साधेपणाच फार मोलाचा वाटतो, कारण असा हिशेब ओढ्याकाठी राहणारा माणूसही तपासू शकतो.

पुढे सरकारी प्रकल्प उभा राहिला. जलाशय-सुरक्षेचे नियम आडवे आल्याने छोट्या बांधांऐवजी १,२०,००० घनमीटर पाणी साठवणारा एकच मोठा बांध झाला. जोडीला ओढ्यांत लाकडी ओंडक्यांचे अडसर घातले, झाडं लावली. बांध २०१५ मध्ये पूर्ण झाला. त्याच डिसेंबरात उत्तर इंग्लंडमध्ये महापूर आले, पण पिकरिंग वाचलं. या सगळ्या कामांमुळे ओढ्याचा सर्वोच्च प्रवाह १५ ते २० टक्क्यांनी घटला, असा अंदाज नंतरच्या विश्लेषणातून निघाला.