दोन समोच्च रेषांमधली जमीन : खानदेशच्या नकाशांपासून त्रिमितीय कॅड प्रतिकृतीपर्यंत

साक्री आणि धुळे तालुक्यांत पांझरेच्या काठाने गेल्यास फड पद्धतीचे जुने बंधारे आजही दिसतात. नदीत आडवा दगडी बंधारा, त्याच्या एका अंगाने निघणारा पाट, पाटातून फुटणाऱ्या चाऱ्या आणि त्यांच्या खाली पसरलेले फड, म्हणजे शेतजमिनीचे गट, अशी ही रचना काही शतकांपासून चालत आली आहे. तिच्यात पाणी उचलण्याची सोय नाही. जे वाहते ते उतारानेच वाहते. पाटाला उतार जास्त दिला तर वरच्या अंगाची जमीन कोरडी राहते आणि फार कमी दिला तर त्यात गाळ बसतो. म्हणून पाट टेकडीच्या अंगाला धरून, प्रत्येक ओहोळापाशी आत वळत आणि प्रत्येक सोंडेपाशी बाहेर येत, जवळजवळ एकाच उंचीवरून न्यावा लागतो. नकाशावर जिला समोच्च रेषा किंवा कंटूर म्हणतात, ती या पाट आखणाऱ्यांनी किंचित उतार देऊन जमिनीवरच काढून ठेवली होती असे म्हणायला हरकत नाही. त्या रेषेपासून संगणकावर जमिनीची त्रिमितीय प्रतिकृती तयार करणे हे आज धरण, रस्ता, पवनचक्की किंवा सौर प्रकल्पाच्या आराखड्यातील नेहमीचे काम झाले आहे. या कामातील खरी अडचण रेषांची नाही, दोन रेषांमधल्या जमिनीची आहे, आणि ती संगणकाहून बरीच जुनी आहे.

समान उंचीच्या किंवा समान खोलीच्या जागा रेषेने जोडण्याची कल्पना प्रथम पाण्याखालच्या जमिनीसाठी वापरली गेली. नेदरलँड्समध्ये पीटर ब्रुइन्स याने १५८४ मध्ये स्पार्ने नदीच्या नकाशावर समान खोलीची रेषा काढली होती, आणि अठराव्या शतकात निकोलास क्रुकियस याने मेर्वेडे नदीचे पात्र अशाच रेषांनी दाखवले. जमिनीवरील डोंगराच्या बाबतीत मात्र निर्णायक उदाहरण स्कॉटलंडमधील शिहॅलियन डोंगराचे आहे. डोंगराच्या आकर्षणामुळे ओळंबा किती ढळतो हे मोजून पृथ्वीची घनता काढावी, या हेतूने नेव्हिल मॅस्केलाइन याने १७७४ मध्ये तेथे निरीक्षणे घेतली. त्यासाठी डोंगराचे घनफळ हवे होते. हजारो आकडे नकाशावर मांडल्यावर गणिती चार्ल्स हटन याने समान उंचीचे बिंदू रेषेने जोडले आणि डोंगराचा आकार त्याच्यापुढे स्पष्ट झाला. समोच्च रेषेचा हा वापर चित्रासाठी नव्हता, हिशेबासाठी होता. पुढच्या सगळ्या इतिहासात ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

खानदेश १८१८ मध्ये ब्रिटिशांच्या ताब्यात आला. एकोणिसाव्या शतकातील बहुतेक नकाशांवर सातपुडा आणि सातमाळा यांचे डोंगर उताराच्या दिशेने ओढलेल्या बारीक छायारेषांनी दाखवले जात. त्या नकाशावरून डोंगर चढा आहे की सौम्य हे समजे, पण तो किती उंच आहे हे मोजता येत नसे. भारतीय सर्वेक्षण विभागाने १९०५ नंतर रंगीत स्थलदर्शक नकाशांची नवी मालिका हाती घेतली, तेव्हा समोच्च रेषा पद्धतशीरपणे छापल्या जाऊ लागल्या. एक इंचास एक मैल या प्रमाणाच्या त्या नकाशांवर लगतच्या दोन रेषांच्या उंचीतील फरक साधारणपणे ५० फूट असे. दशमान पद्धती आल्यावर १:५०,००० प्रमाणाच्या नकाशांवर तो सामान्यतः २० मीटर झाला. खानदेशचा बहुतेक भाग या मालिकेच्या ४६ क्रमांकाच्या चौकोनात येतो: धुळे ४६ एल मध्ये, तर नंदुरबार ४६ के मध्ये. या नकाशांवर समोच्च रेषा तपकिरी, वाहते पाणी निळे आणि कोरडे नाले काळे छापले जातात. खानदेशातले बहुतेक नाले पावसाळा सरला की कोरडे पडतात, त्यामुळे ते गावांच्या नावांच्या आणि पायवाटांच्याच काळ्या रंगात मिसळून जातात. छापखान्याच्या दृष्टीने ही किरकोळ बाब होती; संगणकासाठी ती पुढे चांगलीच डोकेदुखी ठरली.

संगणकापूर्वी या रेषांचे गणित पाटबंधाऱ्याच्या कचेऱ्यांत हाताने होत असे. एम. विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात रुजू झाल्यानंतर धुळे भागात पांझरेच्या एका प्रवाहाखालून सायफन नेण्याचे काम त्यांच्याकडे आले होते. अशा कामात दोन्ही काठांच्या पातळ्या चुकल्या तर पाणी पलीकडे चढतच नाही. जलाशयाचा हिशेब याहून मोठा असे. धरणाच्या वरच्या खोऱ्यात लेव्हल लावून उंच्या घ्यायच्या, त्यांवरून समोच्च रेषा काढायच्या, प्रत्येक रेषेने वेढलेले क्षेत्र प्लॅनिमीटर फिरवून मोजायचे, आणि लगतच्या दोन क्षेत्रांच्या सरासरीला उंचीच्या फरकाने गुणून त्या थरात मावणारे पाणी काढायचे. जेकब ॲम्सलर याने १८५४ मध्ये तयार केलेला ध्रुवीय प्लॅनिमीटर या कामासाठी जगभर वापरला गेला. ही त्रिमितीय प्रतिकृतीच होती, फक्त ती तक्त्याच्या रूपात कागदावर असे. शिवाय त्या रेषा काढणारा माणूस बहुधा ते खोरे पायी हिंडलेला असे. दोन मोजलेल्या बिंदूंमध्ये नाला आहे हे त्याला ठाऊक असल्यामुळे रेषा कोठे आत वळवायची हे तो आकडा नसतानाही ठरवू शके.

हे ज्ञान आकड्यांत उतरवण्याचा पहिला ठळक प्रयत्न अमेरिकेतील एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेत झाला. चार्ल्स मिलर आणि रॉबर्ट लाफ्लॅम यांनी १९५८ च्या सुमारास महामार्गांच्या आखणीसाठी ‘डिजिटल टेरेन मॉडेल’ ही संज्ञा मांडली: जमीन म्हणजे रेषांचे चित्र नसून स्थान आणि उंची यांच्या आकड्यांचा संच, ज्यावरून कोणत्याही मार्गावरचा भराव आणि खोदाई संगणकाने काढावी. सुटे बिंदू जोडून पृष्ठभाग करण्याचे गणित बोरिस डेलोने या रशियन गणितज्ञाने १९३४ मध्येच मांडून ठेवले होते. बिंदूंचे असे त्रिकोण करायचे की कोणत्याही त्रिकोणाच्या परिवर्तुळात, म्हणजे त्याच्या तिन्ही टोकांतून जाणाऱ्या वर्तुळात, दुसरा बिंदू येणार नाही, असा त्याचा नियम आहे. सत्तरच्या दशकात थॉमस पॉइकर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्यावर अनियमित त्रिकोणांचे जाळे, म्हणजे टिन, ही रचना उभी केली. आजची बहुतेक स्थापत्य कॅड (संगणकावरील आरेखनाची) सॉफ्टवेअर जमीन याच जाळ्याच्या रूपात साठवतात.

नियम निर्दोष असला तरी समोच्च रेषांवर तो फसतो. रेषेवर बिंदू दाट असतात आणि दोन रेषांमध्ये एकही नसतो. सातपुड्यातील एखाद्या अरुंद नाल्यापाशी रेषा आत जाऊन परत फिरते, तेव्हा एका काठावरच्या बिंदूला सर्वांत जवळचे बिंदू त्याच रेषेच्या समोरच्या काठावर सापडतात. तिन्ही टोके एकाच उंचीची असल्यामुळे तो त्रिकोण सपाट होतो आणि उतरता नाला पायऱ्यांसारखा दिसू लागतो. सोंडेवर हेच घडते, आणि शिखर तर शेवटच्या रेषेपाशी तासून काढल्यासारखे होते; अस्तंभ्यासारख्या १,३२५ मीटरच्या शिखराचे टोक १,३२० च्या रेषेवरच संपते. उपाय ठाऊक आहेत. शिखराची छापील उंची सुटा बिंदू म्हणून द्यायची. नाल्याची रेषा वेगळी काढून, ती ज्या ज्या समोच्च रेषेला छेदते तेथील उंच्या तिला द्यायच्या, मधल्या उंच्या प्रमाणात भरायच्या, आणि त्रिकोणाची बाजू तिला ओलांडणार नाही असे बंधन घालायचे. ऑस्ट्रेलियातील मायकेल हचिन्सन याने १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत तर पाणी अडून राहील असे खोटे खड्डे काढून टाकण्याची तरतूदच केलेली आहे. थोडक्यात, पाणी उतारानेच वाहते हे पाटकऱ्याला माहीत असलेले सत्य यंत्राला नियम म्हणून वेगळे शिकवावे लागले.

ऑटोकॅड १९८२ च्या अखेरीस बाजारात आले आणि आरेखनाचे काम साध्या संगणकावर होऊ लागले. डिजिटायझरच्या मेजावर नकाशा ताणून बसवायचा, भिंगाखालची फुली रेषेवरून फिरवायची आणि अशी उमटलेली प्रत्येक पॉलीलाइन, म्हणजे तुकड्यांची जोडरेषा, तिला तिची उंची द्यायची, ही पहिली रीत होती. पुढे नकाशा स्कॅन करून तपकिरी रंग वेगळा काढण्याची रीत आली. उंचीचा आकडा छापण्यासाठी रेषा जेथे तोडलेली असते तेथे ती जोडावी लागते, कड्यापाशी चिकटलेल्या रेषा सोडवाव्या लागतात, आणि काळ्या रंगातून कोरडे नाले एकेक करून वेचावे लागतात. जुन्या नकाशावरच्या फुटांना मीटर समजले गेले, तर टेकडी तिपटीहून उंच होते. या साफसफाईलाच कामाचा बहुतेक वेळ जातो. त्यानंतर पृष्ठभाग काढणे काही क्षणांचे असते. १९९८ मधील ऱ्हायनो आणि २००० मधील स्केचअप या त्रिमितीय आरेखनाच्या सॉफ्टवेअरमुळे वास्तुरचनाकारही समोच्च रेषांवरून पृष्ठभाग करू लागले. त्रिमितीय छपाई करायची असेल तर त्या पृष्ठभागाला बाजू आणि तळ जोडून बंद घन करावा लागतो, एवढेच.

फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर अंतराळयानाने अकरा दिवसांत रडारने पृथ्वीच्या बहुतेक जमिनीच्या उंच्या टिपल्या, आणि ५ मे २००५ रोजी सोडलेल्या भारताच्या कार्टोसॅट-१ उपग्रहाने दोन कोनांतून घेतलेल्या जोडचित्रांवरून देशाचे उंचीचे प्रारूप तयार झाले. रेषांची गरज संपली असे तेव्हा अनेकांना वाटले असेल. परंतु या आकड्यांत झाडांचे शेंडेही जमीन म्हणून येतात, आणि तीस मीटरांच्या चौकटीत धुळे-नंदुरबारकडच्या काळ्या दगडाच्या भिंतीसारख्या अरुंद टेकड्या, म्हणजे भूशास्त्रातील डाइक, बोथट होतात. तापीकाठच्या गाळाच्या जमिनीत पडलेल्या घळ्यांचे तर दोन्हीकडे नुकसान होते. सपाट शिवारात दोन समोच्च रेषा कित्येक किलोमीटर दूर असतात आणि पंधरा मीटर खोल घळ त्यांच्यामध्ये पूर्ण लपू शकते. त्यात पायाचाही फरक असतो. जुने नकाशे एव्हरेस्ट गोलाभावर, म्हणजे पृथ्वीच्या एका गणिती आकारावर, आधारलेले आहेत, तर २००५ च्या नकाशा धोरणानंतरची खुली मालिका डब्ल्यूजीएस ८४ या दुसऱ्या आकारावर. उपग्रहावरून मिळणारी, अशा गोलाभापासून मोजलेली कच्ची उंची या भागात समुद्रसपाटीपासूनच्या उंचीपेक्षा साठेक मीटरांनी कमी येते. हा फरक न काढता दोन्ही आकडे एकाच फाइलमध्ये घेतले, तर जोडरेषेवर नसलेला कडा उभा राहतो.

आता ड्रोनने घेतलेल्या छायाचित्रांवरून लाखो बिंदूंचा पृष्ठभाग आधी तयार होतो आणि समोच्च रेषा त्यातून शेवटी काढल्या जातात. क्रम उलटा झाला आहे. एका कामासाठी मात्र जुन्या तपकिरी रेषांना पर्याय नाही. गुजरातेत तापीवर १९७२ मध्ये पूर्ण झालेल्या उकाई धरणाचा फुगवटा नंदुरबार जिल्ह्यापर्यंत येतो, आणि त्या पाण्याच्या जागी २००० सालच्या रडारला फक्त एक सपाट पत्रा दिसला. पाण्याखाली आज किती गाळ साचला आहे हे होडीतून खोली मोजून कळते, पण मूळ तळ कसा होता हे सांगणारे जे दस्तऐवज उरले आहेत, त्यांत पाणी अडवण्यापूर्वीच्या मोजणीतले ते नकाशेच मुख्य आहेत. त्यांवरून तेव्हाच्या खोऱ्याची प्रतिकृती करताना कोरड्या नाल्यांच्या काळ्या रेषा अजूनही हातानेच वेचाव्या लागतात.