पोएमनंतरचा आम्लप्रतिवाह

अकॅलेशिया या गिळण्याच्या विकारावरील ‘पोएम’ (पेरोरल एंडोस्कोपिक मायोटॉमी) या एंडोस्कोपीतून, म्हणजे तोंडावाटे दुर्बिणीची नळी घालून, करावयाच्या उपचारानंतर जठरातील आम्ल अन्ननलिकेत वर येण्याची अवस्था. पोएममध्ये अन्ननलिकेच्या अस्तराखाली बोगदा करून खालच्या झडपेचे स्नायू छेदले जातात. आम्लाला अटकाव करणारी झडपही हीच असल्याने घास उतरणे जसे सुलभ होते, तसा आम्लाचा मार्गही मोकळा होतो.

या पद्धतीचा उगम सामान्यतः जपानी डॉक्टर हारुहिरो इनोउए यांनी २००८ मध्ये योकोहामा येथे केलेल्या उपचाराशी जोडला जातो. मात्र ओर्तेगा व सहकाऱ्यांनी १९८० मध्येच बोगद्याविना थेट अस्तरावरून छेद घेतल्याचे नोंदवले होते, आणि बोगद्याची कल्पना पंकज पसरिचा व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये डुकरांवर पडताळली होती. मानवावरील पोएमचे श्रेय इनोउए यांना आणि बोगद्याच्या तत्त्वाचे श्रेय पसरिचा यांना देणे अधिक सयुक्तिक वाटते.

अकॅलेशियावरील हेलर शस्त्रक्रियेत स्नायुछेदनानंतर प्रतिवाह रोखण्यासाठी जठराचा वरचा भाग छेदावर ओढून शिवतात. पोएममध्ये अशी जोड नसते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २२१ रुग्णांच्या यादृच्छिक चाचणीत दोन वर्षांनी दोन्ही उपचारांचे यश जवळपास सारखे (सुमारे ८३ व ८२ टक्के) होते. परंतु अन्ननलिकेचा दाह तीन महिन्यांनी पोएम गटात ५७, तर शस्त्रक्रिया गटात २० टक्के आणि दोन वर्षांनी अनुक्रमे ४४ व २९ टक्के आढळला. बहुतेक दाह सौम्य होता. जठरमुखाशी असलेले तिरपे स्नायुतंतू तुटल्याने प्रतिवाह वाढतो, असे काही तज्ज्ञ मानतात व ते राखून छेद घेण्याचा आग्रह धरतात. हे मत शरीररचनेशी सुसंगत असले, तरी केवळ छेदाची दिशा बदलून प्रश्न सुटतो असे म्हणता येत नाही.

छातीतील जळजळ हे विश्वसनीय लक्षण नव्हे. दाह असूनही अनेकांना त्रास जाणवत नाही. उलट, साचलेले अन्न आंबल्यानेही अन्ननलिकेत आम्लता येते व ती आम्लमापनात प्रतिवाहासारखी भासते. म्हणून तक्रार नसली तरी ठरावीक काळाने एंडोस्कोपी करणे इष्ट होय. आम्लनिर्मिती रोखणाऱ्या पँटोप्राझोलसारख्या गोळ्यांनी बहुतेकांचा दाह आटोक्यात येतो. पोएमच्या वेळीच एंडोस्कोपीतून जठराची घडी घालण्याची पद्धतही इनोउए व सहकाऱ्यांनी मांडली आहे.