टेम्पोरल टेबल

रिलेशनल डेटाबेसमधल्या (माहिती ओळी-कॉलमांच्या टेबलांत ठेवणाऱ्या डेटाबेसमधल्या) ज्या टेबलात नोंदीच्या चालू रूपाबरोबर तिची जुनी रूपेही डेटाबेस स्वतःच कालावधीसह राखतो, ते टेम्पोरल टेबल. साध्या टेबलात ‘अपडेट’ केले की आधीची किंमत गेली आणि ‘डिलीट’ केले की ओळच गेली. म्हणून जुन्या ओळींसाठी वेगळे हिस्ट्री टेबल काढून ट्रिगर, म्हणजे बदल होताच आपोआप चालणारा कोड, लिहिण्याचा प्रघात पडला. तो चालतो, पण मूळ टेबलात कॉलम वाढवून हिस्ट्रीत वाढवायचे राहिले, की इतिहासाला तिथूनच भोके पडू लागतात.

यात काळ दोन प्रकारचे. समजा, एकाचा पगार 1 एप्रिलपासून 40,000 वरून 45,000 झाला. नोंद मात्र 20 मे रोजी झाली. एप्रिलचा पगार किती? 45,000. मग 30 एप्रिलला निघालेल्या पगारपत्रकात 40,000 का? कारण त्या दिवशी डेटाबेसला तेवढेच ठाऊक होते. गोष्ट प्रत्यक्षात लागू असते तो पहिला, वैध काळ; तो माणूस भरतो. डेटाबेसला ती ठाऊक असते तो दुसरा, सिस्टिम काळ; तो डेटाबेस भरतो आणि त्यात कुणी हात घालायचा नसतो. दोन्ही असलेले टेबल बायटेम्पोरल.

कालावधीत आरंभक्षण धरतात, अंत्यक्षण धरत नाहीत. त्यामुळे लागोपाठच्या दोन रूपांत ना फट राहते ना दुहेरी नोंद. चालू ओळीला शेवट नसतो, तरी तिथे काहीतरी लिहावेच लागते: मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर हा डेटाबेस 31 डिसेंबर 9999 लिहितो, तर मारियाडीबी या दुसऱ्या डेटाबेसच्या सुरुवातीच्या आवृत्त्या 19 जानेवारी 2038 वर थांबत.

बर्कलीच्या विद्यापीठातल्या मूळ पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये जुन्या ओळी राखून मागचा काळ पाहण्याची सोय होती. जागा आणि वेग यांपायी 6.2 आवृत्तीत ती काढली. 1990च्या दशकात संगणकशास्त्रज्ञ रिचर्ड स्नॉडग्रास यांच्या पुढाकाराने टीएसक्यूएल 2 ही भाषा आली, पण ती एसक्यूएल या डेटाबेस-भाषेच्या अधिकृत मानकात शिरली नाही. ही सोय मानकात आली ती त्याच्या एसक्यूएल:2011 या आवृत्तीत. पुढे एसक्यूएल सर्व्हर 2016 आणि मारियाडीबी 10.3 यांनी सिस्टिम काळ दिला. पोस्टग्रेस 18 ने (2025) एकाच किल्लीचे (नोंद ओळखणाऱ्या किमतीचे) कालावधी एकमेकांवर येऊ न देण्याचे बंधन आणले, तेही वैध काळापुरते.

याला ऑडिट समजणे चूक: बदल कधी झाला ते कळते, कुणी केला ते नाही. शिवाय एसक्यूएल सर्व्हर ओळीवर व्यवहार (एकत्र होणाऱ्या बदलांचा गट) सुरू झाल्याची वेळ टाकतो, कमिटची, म्हणजे तो पक्का झाल्याची, नव्हे. 10:00 ला सुरू झालेला व्यवहार 10:10 ला कमिट झाला, तर 10:05 च्या स्थितीबद्दलची तीच क्वेरी 10:06 ला एक उत्तर देऊ शकते आणि 10:11 ला दुसरे.