सातबाऱ्यावरची नावं आणि धंद्याचं भांडवल

रत्नागिरी-सिंधुदुर्गात नवा उद्योग काढायला निघालेल्या मुलाला बँकेत आधी तारण विचारतात. तो सातबारा पुढे करतो. त्यावर आजोबांच्या भावंडांपासून विरारच्या चुलत्यांपर्यंत सगळ्यांची नावं असतात, आणि सह्या गोळा होईस्तोवर काजूचा हंगाम निघून जातो.

हे दुखणं जुनं आहे. खोतीत, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या खोताच्या अमलात, कसणाऱ्या कुळाच्या नावावर जमीनच नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं, कायदा व्हायला १९४९ उजाडलं. पुढे हाती आलेली जमीनही वारसांत सामाईकच राहिली.

कोकणात पैसा येतच नव्हता असं नाही. मुंबईच्या गिरणीतून मनीऑर्डर यायची. घरखर्च, शाळा आणि गणपतीत ती संपायची, आणि १९८२च्या संपानंतर तीही आटली. आंब्याच्या धंद्याला भांडवल द्यायचा तो मुंबईचा, पुढे वाशीचा दलाल. फवारणीला त्याच्याकडून उचल घ्यायची आणि एप्रिलात पेट्या त्यालाच पाठवायच्या. मग पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब यायचा: दलाली वजा, हमाली वजा, गाडीभाडं वजा, उचल वजा. बागायतदाराची नजर थेट शेवटच्या ओळीवर जायची. मला व्याजापेक्षा जास्त खुपतं ते हे, की मोहोर धरायच्या आधीच माल कोणाला जाणार ते ठरलेलं असायचं.

१९६९ला १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, गावोगाव शाखा आल्या, पण तारणाचा हट्ट सुटला नाही. खरी वाट मोकळी झाली ती २००० साली. केंद्र सरकार आणि लघुउद्योगांची विकास बँक असलेल्या सिडबीने पतहमीचा ट्रस्ट उभारला. कर्ज बुडालं तर बँकेच्या नुकसानीचा मोठा वाटा तो उचलतो, त्यामुळे सातबाऱ्यावाचूनही कर्ज देता येतं. २०१५ला मुद्रा योजना आली, तीत १० लाखांपर्यंत विनातारण कर्ज मिळू लागलं. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात तर प्रकल्प खर्चाच्या ५ ते १० टक्केच स्वतःचे घालावे लागतात.

धंदा शिकवण्यासाठी एमसीईडी, म्हणजे महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र १९८८ पासून आहे, लीड बँकांच्या आरसेटी, म्हणजे ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थाही आहेत. तिथे जाणाऱ्यांनी खेळत्या भांडवलाचा धडा आधी गिरवावा, असं मी कळकळीने सांगतो. वर्षभर फोडायची काजू बी मार्च ते मे या तीन महिन्यांतच रोखीने घ्यावी लागते. प्रकल्प अहवालात शेड असते, बॉयलर असतो, कटिंग मशीन असतं. या बियांसाठी कॅश क्रेडिट, म्हणजे खेळत्या भांडवलाचं कर्ज मागायचं राहून जातं, आणि ऑगस्टात नव्याकोऱ्या शेडमध्ये बॉयलर थंड पडलेला असतो.