दडवलेले मृत्युपत्र आणि अडलेला वाटा : हा घोळ कुठून आला

वारसाच्या भांडणात मृत्युपत्र दोन कारणांसाठी दडवले जाते आणि ती एकमेकांच्या अगदी उलट आहेत. पहिल्यात कागद खरोखर असतो, त्यात बहिणीला किंवा धाकट्या भावाला काहीतरी दिलेले असते, म्हणून ज्याच्या कपाटात तो आहे तो बाहेर काढत नाही. दुसऱ्यात "आबांनी सगळं माझ्या नावावर करून ठेवलंय" एवढेच ऐकवले जाते आणि कागद वर्षानुवर्षे कोणाला दिसत नाही. महाराष्ट्रात दुसरा प्रकार जास्त छळतो. समोरचा वारस कागदाची वाट पाहत बसतो आणि तोवर सातबारा, सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट आणि बँकेतली ठेव हळूहळू एकाच हाती जाते.

मुळात मृत्युपत्र ही आपल्या धर्मशास्त्रातली गोष्ट नव्हे. विज्ञानेश्वराची मिताक्षरा आणि कोकण-मुंबईकडे मानला जाणारा नीलकंठाचा व्यवहारमयूख, या दोन्ही धर्मशास्त्र-ग्रंथांत विभागणी आहे, दत्तक आहे, पण मेल्यानंतर अमलात यायचा लेखी आदेश नाही. तो आला इंग्रजी न्यायालयांबरोबर. १८७० च्या हिंदू विल्स ॲक्टने १ सप्टेंबर १८७० पासून लेखी मृत्युपत्र, सही आणि दोन साक्षीदार ही शिस्त लावली, पण ती बंगालच्या प्रांतात आणि मुंबई व मद्रास शहरांत. पुणे, सातारा, वऱ्हाड त्याबाहेर राहिले. तिथे साध्या कागदावरचे, इतकेच काय तोंडी मृत्युपत्रही चालत असे. १ जानेवारी १९२७ नंतरच्या प्रत्येक हिंदू मृत्युपत्राला १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याचे कलम ६३ लागू झाले आणि दोन साक्षीदार सगळीकडे सक्तीचे झाले. नोंदणी मात्र तेव्हाही ऐच्छिक होती, आजही आहे. कोऱ्या कागदावर, विनास्टॅम्प, घरी बसून केलेले मृत्युपत्र पूर्ण वैध असते. ते कोणालाही कळवण्याचे बंधन नसते. लपवाछपवीला जागा मिळते ती इथेच. नोटरीचा शिक्का हा पुष्कळांना भक्कम पुरावा वाटतो, पण दोन साक्षीदारांच्या सह्या नसतील तर त्या शिक्क्याने काही साधत नाही.

वाट्याचा इतिहास वेगळ्या रुळावरून चालला. १९५६ पूर्वी एकत्र कुटुंबातल्या सहदायकाला, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानेच हिस्सा असलेल्याला, आपला अविभक्त हिस्सा मृत्युपत्राने देता येत नव्हता. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम ३० ने ती मुभा दिली. त्याच कायद्याने वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क दिला, वडिलोपार्जित मिळकतीत ती सहदायक मात्र झाली नाही. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलींना सहदायक केले, पण आधी लग्न झालेल्यांना वगळून. ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने ही अट गेली, आणि त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले. बहिणीला "तुझं लग्न आधी झालं, तुझा हक्क नाही" असे सांगितले जाते ते १९९४ च्या त्या जुन्या अटीवरून. ती अट आता उरलेली नाही. अपवाद एवढाच, की २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर पूर्ण झालेले वाटप उकरता येत नाही.

आता हिशोब पाहू. पाच एकर वडिलोपार्जित शेती, म्हणजे २०० गुंठे. मागे आई, दोन मुलगे, एक मुलगी. वडील गेले त्या क्षणी वाटप झाले असे कायदा धरून चालतो : पाच हिस्से, प्रत्येकी ४० गुंठे. आपल्याकडे वाटपात पत्नीलाही मुलाइतका हिस्सा मिळतो. वडिलांचे ४० गुंठे चौघांत गेले की प्रत्येकी १० वाढतात आणि प्रत्येकाचे ५० होतात. समजा वडिलांनी खरोखरच सगळे थोरल्याला लिहून दिले आहे. तरी त्यांना देता येतात फक्त आपले ४० गुंठे. थोरला ८० गुंठ्यांवर जातो, बाकीच्यांचे ४०-४० शाबूत राहतात. कागद दाखवा वा दडवा, बहिणीचा एक एकर त्या कागदाच्या आवाक्यातच नाही. मिळकत पूर्ण स्वकष्टार्जित असेल तर मात्र मृत्युपत्र सगळ्यावर चालते, म्हणून पहिला शोध मिळकतीच्या मुळाचा घ्यावा : जुने फेरफार (सातबाऱ्यावरचे नाव बदलल्याच्या नोंदी), खरेदीखत, आजोबांच्या नावाचा सातबारा.

मृत्युपत्राचा शोध कुठे घ्यायचा हे १९०८ च्या नोंदणी कायद्यात आहे. नोंदवलेले मृत्युपत्र दुय्यम निबंधकाच्या पुस्तक क्रमांक ३ मध्ये उतरते आणि त्याची सूची क्रमांक ३ वेगळी असते. लोक खरेदीखतासारख्या मिळकतीच्या दस्तांची सूची दोन शोधतात, काही मिळत नाही, आणि नोंदणी झालीच नाही असे समजून परततात. करणारा जिवंत असेपर्यंत नक्कल फक्त त्याला किंवा त्याच्या मुखत्याराला मिळते. त्याच्या मृत्यूनंतर कलम ५७ प्रमाणे मागेल त्याला ती द्यावी लागते. मृत्यूचा दाखला जोडून अर्ज करावा, वारस असल्याचे सिद्ध करण्याची गरज नाही. मृत्युपत्र दुसऱ्या गावच्या कार्यालयातही नोंदवलेले असू शकते, तेव्हा वडील जिथे राहत, नोकरी करत किंवा मुलाकडे जाऊन असत त्या सगळ्या ठिकाणी विचारावे. सीलबंद पाकिटात जिल्हा निबंधकाकडे ठेवण्याचीही सोय कायद्यात आहे. ते पाकीट मृत्यूनंतर अर्जदारासमोर उघडले जाते.

गोव्यात पोर्तुगीज दिवाणी संहितेची परंपरा चालू राहिल्याने चित्र वेगळे दिसते. तिथे मृत्युपत्र सर्वसाधारणपणे नोटरीच्या वहीतच लिहिले जाते, आणि मुलांसाठी निम्मी मिळकत राखीव असल्याने सगळे एकालाच लिहून देता येत नाही. कागद लपवण्याचा मोह तिथे आपोआप कमी होतो.

नोंदणी नसेल आणि कागद नातेवाइकाच्या ताब्यात असेल तर १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याचे कलम २६७ कामाला येते. ज्याच्याकडे मृत्युपत्र असल्याचे दिसते त्याला ते हजर करण्याचा आदेश जिल्हा न्यायाधीश देऊ शकतात. नुसती माहिती असल्याचा संशय असेल तरी त्याला बोलावून विचारता येते आणि त्याला खरे उत्तर देणे भाग असते. अस्सल हरवले किंवा नष्ट केले असेल तर प्रतीवरून, कच्च्या मसुद्यावरून, तेही नसेल तर मजकुराच्या पुराव्यावरून प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचा न्यायालयाचा दाखला, मिळण्याची तरतूद कलम २३७ आणि २३८ मध्ये आहे. फसवणुकीच्या हेतूने मृत्युपत्र फाडणे किंवा दडवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४३ खाली गुन्हा आहे, शिक्षा सात वर्षांपर्यंत किंवा जन्मठेप. मात्र आधी फौजदारीकडे धावू नये. हेतू सिद्ध करणे अवघड जाते आणि वाटा तिथे मिळत नाही. तो दिवाणी न्यायालयातल्या वाटपाच्या दाव्यातूनच मिळतो.

कागद न दाखवणाऱ्याचे खरे बळ गावच्या दप्तरात आहे. पूर्वी वडील वारले की वारस ठरावाच्या फेरफारात सगळ्यांची नावे येत, पण सातबाऱ्यावर थोरल्याच्या नावापुढे "ए.कु.मॅ." (एकत्र कुटुंब मॅनेजर) लिहून काम संपे, बहिणींची नावे लागलीच तर इतर हक्कांच्या रकान्यात. एका पिढीनंतर त्या तीन अक्षरांचा अर्थ कोणी विचारीत नाही. ती नोंद मालकी देत नाही, फक्त कुटुंबाचा कारभारी दाखवते. मूळ फेरफाराची नक्कल काढून तहसीलदाराकडे अर्ज केला की सर्व वारसांची नावे लावून घेता येतात. नवा मृत्यू असेल तर तीन महिन्यांत सर्वांची नावे देऊन वारस नोंदीचा अर्ज करावा. फेरफाराची नोटीस, म्हणजे तलाठ्याकडची नमुना नऊची नोटीस, आली की १५ दिवसांत लेखी हरकत द्यावी आणि पोच घ्यावी. तोंडी हरकत दप्तरात कुठेच उरत नाही. मृत्युपत्र खरे की खोटे हे ठरवणे महसूल अधिकाऱ्याच्या अखत्यारीत येत नाही, म्हणून त्या आधारे फेरफार मंजूर झाला तरी दिवाणी दावा शिल्लक राहतो. दाव्यासोबत विक्रीला मनाई मागावी. मुंबईतली मिळकत असेल तर दावा चालू असल्याची नोटीस निबंधकाकडे नोंदवावी लागते, नाहीतर मधल्या खरेदीदाराला तो दावा बांधत नाही. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतून वगळल्याचे कळल्यापासून १२ वर्षांत दावा हवा.

सर्वांत ताजा बदल प्रोबेटचा आहे. १९२५ च्या त्याच कायद्याच्या कलम २१३ मुळे मुंबईत केलेल्या किंवा मुंबईतल्या स्थावराबद्दलच्या हिंदू मृत्युपत्रावर प्रोबेटशिवाय न्यायालयात हक्क सांगता येत नसे. तो १८७० च्या त्याच भौगोलिक भेदाचा शेष होता. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने हे कलमच वगळले. एकमत असलेल्या घरांचा खर्च आणि वेळ त्याने वाचेल हे खरे. पण प्रोबेटच्या अर्जात जवळच्या वारसांना न्यायालयाची नोटीस जाई, आणि अंधारात ठेवलेल्या बहिणीला मृत्युपत्राचा मजकूर पहिल्यांदा तिथेच कळे. प्रोबेट आता ऐच्छिक झाल्यावर ही नोटीस घरी येईलच असे नाही. म्हणून मुंबईतल्या वारसाने सोसायटीला, बँकेला आणि भूमापन कार्यालयाला स्वतःहून लेखी कळवावे, की आपण वारस आहोत, आणि मृत्युपत्राच्या आधारे कोणाचा अर्ज आल्यास त्याची प्रत दिल्याशिवाय आणि आपले म्हणणे ऐकल्याशिवाय नाव बदलू नये.