लाट पुढे जाते, पाणी नाही

रंकाळ्यात चेंडू पडला की काठावरून हमखास सल्ला मिळतो, आणि तो फॉरवर्डही होत असतो: चेंडूच्या पलीकडे दगड टाका, लाटा त्याला काठाला आणतील. असं वाटणं साहजिक आहे, कारण लाट काठाकडे येताना डोळ्यांना दिसते.

पण पुढे येते ती हालचाल. पाणी जवळपास जागच्या जागी फिरतं: लाटेचा माथा आला की वर आणि थोडं पुढे, खळगा आला की खाली आणि मागे. चेंडूही तेच करतो. दर लाटेला तो किंचित पुढे सरकतो खरा, पण दगडाने उठलेल्या लहान लाटांत ते नगण्यच. चेंडू काठाला लागतो तो बहुतेकदा वाऱ्याने.

घरीच पडताळून बघा. परातीत पाणी घ्या, पंखा बंद करा, पाणी संथ होऊ द्या. मधोमध तुळशीचं वाळकं पान सोडा आणि कडेला बोटाने एकेक थेंब टाका. वलयं पानाखालून पार निघून जातात, पान डुलतं आणि साधारण तिथंच राहतं. थेंब पानाच्या अगदी जवळ नको, शिंतोड्याचा धक्का लागतो.

समुद्रकिनाऱ्यावर मात्र लाट फुटते, आणि फुटलेली लाट पाणी खरोखरच पुढे ढकलते.