नायक कारभारी की मोतद्दार? ऐतिहासिक कादंबरी आणि चरित्रात्मक कादंबरी

ठाण्याचं मध्यवर्ती कारागृह म्हणजे जुना ठाण्याचा किल्ला. १८१६ च्या सप्टेंबरात याच किल्ल्यातून त्रिंबकजी डेंगळे निसटला. दुसऱ्या बाजीरावाचा हा लाडका कारभारी. आदल्या वर्षी पंढरपुरात बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा खून झाला, त्यात त्याचा हात असल्याचा ठपका ठेवून इंग्रजांनी त्याला इथे डांबलं होतं. फितुरी नको म्हणून पहारा सगळा गोऱ्यांचा. पण एका साहेबाच्या पदरी राहिलेला मराठी मोतद्दार, म्हणजे घोड्यांची निगा राखणारा नोकर, घोड्याला खरारा करता करता कैद्याच्या खिडकीखाली गाणी म्हणायचा आणि पळण्याचा बेत त्या गाण्यांतून आत पोचवायचा. पहारेकऱ्यांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. इंग्रज धर्मगुरू बिशप हेबरने पुढे ही हकिकत आपल्या प्रवासवर्णनात लिहून ठेवली.

या एका प्रसंगावर दोन अगदी वेगळ्या कादंबऱ्या होऊ शकतात. एकीचा नायक त्रिंबकजी: बाजीरावाची मर्जी, पुण्याच्या दरबारातली चढती कमान, पंढरपूर, ठाणे, पुन्हा पकडला जाणं आणि शेवटी दूर चुनारच्या किल्ल्यातली कैद. ही चरित्रात्मक कादंबरी. दुसरीचा नायक तो मोतद्दार. तो कुठल्या गावचा, त्याला इथे पेरला कुणी, पकडलं गेलो तर बायकापोरांचं काय, या धास्तीत रात्री कसा झोपायचा, आणि कैदी पळाल्यावर दुसऱ्या दिवशी त्याचं काय झालं? यातलं जवळजवळ सगळं लेखकाने रचायचं, पण १८१६ चं ठाणं मात्र खरं हवं. माझ्या लेखी अस्सल ऐतिहासिक कादंबरी ती ही.

वाचनालयात मात्र दोन्हींवर चिठ्ठी एकच: ‘ऐतिहासिक’. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून चालू आहे. तिथे काय किंवा वाशी-नेरूळच्या एखाद्या छोट्या वाचनालयात काय, ‘ताई, ऐतिहासिक काहीतरी द्या’ म्हटलं की हातात बहुधा पहिला प्रकार पडतो. तो वाचून कुणी तृप्त होतो, तर कुणी ‘सगळ्या सारख्याच’ म्हणत चौथ्या प्रकरणात पुस्तक मिटतो. दोष पुस्तकाचा असेलच असं नाही. भूक वेगळी होती.

चरित्रात्मक कादंबरीचं बळ हे की शेवट आपल्याला आधीच ठाऊक असतो. रणजित देसाईंची ‘स्वामी’ (१९६२) हातात घेणाऱ्याला माहीत असतं की थोरले माधवराव १७७२ मध्ये थेऊरला, ऐन सत्ताविशीत, क्षयाने जाणार आहेत. तरी आपण वाचतो, किंबहुना म्हणूनच वाचतो. पुढे काय होणार याची उत्सुकता नसते, कसं होणार याची हुरहुर असते. पानिपतावरचं काहीही वाचताना १४ जानेवारी १७६१ ही तारीख डोक्यावर टांगलेली असते, तसंच हे.

याची किंमतही मोजावी लागते. नायकाला उजळायचं तर कुणाला तरी काळं करावं लागतं. पेशवाईच्या गोष्टींत ते काम बिचाऱ्या आनंदीबाईकडे कायमचं लागलेलं आहे. ‘ध’चा ‘मा’ तिनेच केला का, यावर इतिहासकारांचं एकमत नाही, पण वाचकांचं आहे. शिवाय महालात नवरा-बायको काय बोलले हे ऐकायला तिथे कुणी बखरकार बसलेला नव्हता. ते संवाद लेखकाचे. तेच उद्या महाराजांचे किंवा पेशव्यांचे उद्गार म्हणून फोनवर फिरतात, व्याख्यानांत टाळ्या घेतात. तेव्हा अशा पुस्तकाची प्रस्तावना गाळू नये. चांगला लेखक तिथे कागद कुठे संपतो आणि कल्पना कुठे सुरू होते ते सांगतो.

दुसऱ्या प्रकारात मराठी मागे नव्हती. मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणून जिचं नाव घेतात ती गुंजीकरांची ‘मोचनगड’ १८७१ ची. काळ शिवाजी महाराजांचा, कथानक मात्र कल्पित. मग गाडी थोरामोठ्यांकडे कशी वळली? मला वाटतं, आपल्याला इतिहासात माणूस भेटण्यापेक्षा दैवत भेटलेलं जास्त आवडतं. सामान्य माणसांचे कागद नाहीत म्हणावं तर तसंही नाही. महजर, निवाडे, वतनाची भांडणं, तक्रारअर्ज, मोडीतली असली कागदपत्रं दफ्तरखान्यांत भरपूर पडून आहेत.

या प्रकाराची परीक्षा लढाईत होत नाही, ती होते स्वयंपाकघरात आणि रस्त्यावर. शिवकाळातली मावळातली बाई पाहुण्याला चहा विचारते, ताटात बटाट्याची भाजी वाढते, तिथेच पुस्तक खाली ठेवावं. भर पावसाळ्यात फौजा खुशाल कूच करत असतील तरी शंका घ्यावी. मोहिमा सहसा दसऱ्याचं सीमोल्लंघन करून निघत, कारण नद्या उतरायला हव्यात आणि घोड्यांना वैरण हवी. भाषाही बघावी. त्या काळची दरबारी मराठी फारसी शब्दांनी भरलेली होती, इतकी की महाराजांना फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा ‘राज्यव्यवहारकोश’ करवून घ्यावा लागला. सगळीच पात्रं जर कीर्तनकारासारखी शुद्ध संस्कृतप्रचुर बोलत असतील, तर लेखक कागदांपर्यंत गेलेला नाही. आणि सगळ्यात मोठी खोट म्हणजे पगडी तेव्हाची, डोकं आजचं. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणं पोर्तुगिजांकडून घेतलं, त्या वेळची खेड्यातली मुलगी ‘मला माझा निर्णय स्वतः घ्यायचाय’ असं म्हणायला लागली की हसू येतं. तिचं बंड दाखवावं जरूर, पण तिच्या काळात शक्य होतं तसं.

कपाटापाशी उभं राहून ओळखायचं तर मुखपृष्ठावर जाऊ नका. घोडा, तलवार आणि भगवा दोन्हींवर असतो. नाव एखाद्या थोर व्यक्तीचं किंवा तिच्या बिरुदाचं आहे का आणि सुरुवातीला वंशावळ आहे का, ते पाहा. मग मधलंच एखादं पान उघडा. राजा खोलीत आल्यावर कॅमेरा राजाबरोबर फिरतो की दाराशी उभ्या हुजऱ्याबरोबर थांबतो? हुजऱ्याबरोबर थांबला तर पुस्तक घरी न्या. आणि काउंटरवर नुसतं ‘ऐतिहासिक’ म्हणू नका. ‘ताई, काळ जुना चालेल, पण नायक नाव नसलेला हवा,’ असं सांगून बघा. ताई क्षणभर विचारात पडतील, कारण असं कुणी मागत नाही. पण वाचणाऱ्या असतील तर मागच्या कपाटातून काहीतरी नक्की काढून देतील.